लोखंड, तांब्याच्या भावाने

“माझा नाही हा. उचल आणि चालता हो.”

“असं काय करतेस आक्का? उचलून तर बघ, हात खाली जातोय नुसता!”

“हात खाली जातो म्हणून माझा? मग तुझा फ्रिजसुद्धा मीच केला म्हण.”

ज्यूसवाला खजील झाला, पण जागचा हलला नाही. सकाळपासून त्याचा फ्रिज बंद, आत फळं घाम गाळत बसलेली. वीज कमी-जास्त झाली की फ्रिजला सांभाळायचं ते खोकं, म्हणजे हा स्टॅबिलायझर, घेऊन वर्ष व्हायच्या आत गपगार. घेताना बिचाऱ्याने दुकानात चार खोकी हातात तोलून पाहिली होती. हलका स्टॅबिलायझर घ्यायचा नाही, हे या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. आत तांबं आणि लोखंड नीट भरलेलं असलं की खोकं जड लागणारच. ही खोड लोकांना आक्कानेच लावली होती. गिऱ्हाईक आलं की ती मालाचं गुणगान गायची नाही. खोकं उचलून त्याच्या हातात द्यायची आणि त्याचा खांदा किती झुकतो ते बघत उभी राहायची.

लग्न होऊन आली तेव्हा तिला तारेचं टोक कुठलं आणि मूळ कुठलं ते कळत नव्हतं. नवऱ्याचा हा कारखाना म्हणजे एक लांबोळकी खोली, हाताने फिरवून तार गुंडाळायची वाइंडिंग मशिनं आणि वार्निशचा डोळ्यांत जाणारा वास. नवरा माणूस बरा, पण मशिनवर बसला की पाच मिनिटांत त्याला तहान लागायची आणि पाणी प्यायला तो चौकापर्यंत जायचा. तो परत येईपर्यंत अर्धी राहिलेली कॉइल आक्का पुरी करायची. असं करता करता ती कारागीर झाली आणि तो चौकातला पुढारी. पुढे तो वारला. कामात तेवढ्याने काही फरक पडला नाही.

भरभराटीच्या दिवसांत त्या खोलीत सहा बायका तार गुंडाळायच्या. आता दोनच मशिनं फिरत होती, एक आक्काचं आणि दुसरं त्या सहांतल्या उरलेल्या चष्मेवालीचं. बाकीच्यांवर गोणपाट टाकलेलं. ही कृपा आक्काच्या धाकट्या दिराची.

हा दीर याच खोलीत वाढला. तार सोलायला बसवला तर तारेपेक्षा स्वतःची बोटंच जास्त सोलायचा. मग एके दिवशी त्याला व्यापाराची अक्कल फुटली. परमुलखातून तयार स्टॅबिलायझर कंटेनर भरभरून आणायला लागला. माल उतरायचा तो कागदावर खेळणी म्हणून. बाहुल्यांच्या नावावर कर चुकवून आलेलं त्याचं आख्खं खोकं दुकानात जेवढ्याला मिळायचं, तेवढ्यात आक्काचं नुसतं तांबंही येत नव्हतं. आणि आक्का तांब्यावर कर भरायची, पत्र्यावर भरायची, वार्निशवरही भरायची.

“याला बाजार म्हणतात वहिनी,” तो सांगायचा.

“आम्ही डल्ला म्हणतो,” आक्का म्हणायची.

पूर्वी ती त्याला अरे-तुरे करायची. त्याची गाडी आली त्या दिवसापासून ‘अहो भाऊजी, तुम्ही’ सुरू केलं. त्या ‘तुम्ही’पेक्षा शिवी बरी, असं चष्मेवाली म्हणायची.

पण दिराच्या मालाला एक खोट होती. तो हलका होता. गिऱ्हाईक उचलायचं, नाक मुरडायचं आणि परत ठेवायचं. आक्काला त्याचं फार सुख होतं. अशातच दीर एकदा टेम्पो घेऊन आला आणि तिचं भंगार मागू लागला.

स्टॅबिलायझरमधल्या ट्रान्सफॉर्मरच्या पोटात, कॉइलच्या मधोमध, पातळ लोखंडी पट्ट्यांची चळत बसते. वाकलेली, गंजलेली पट्टी चालत नाही. ती चुकून कुणी बसवू नये म्हणून आक्का तिच्यावर लाल रंगाचा फराटा ओढते आणि पोत्यात टाकते. भंगारवाला त्या पोत्याचे चहापाण्यापुरते पैसे टेकवायचा. दीर तिप्पट देऊ लागला. गोदामाच्या फाटकाला तोल द्यायला वजन म्हणून लागतात, म्हणाला. एवढं कसलं फाटक, हे आक्काच्या मनात आलं होतं. पण त्या पोत्यांवर चष्मेवालीचा पगार निघत होता, म्हणून तिने मनाला गप्प बसवलं.

“बरं, उघडून तरी बघ,” ज्यूसवाला म्हणाला.

आक्काने स्क्रू काढले. एका कोपऱ्यात लिंबाएवढी कॉइल, ॲल्युमिनियमच्या तारेला तांब्याचा रंग फासलेला, तीही जळून कोळसा. बाकी सगळं पोट डांबराने भरलेलं. तिने पेचकसाने डांबर उकरलं. खाली पट्ट्यांची चळत होती. एक तार तिच्याकडे जात नव्हती की एक येत नव्हती. पोटुशी असल्याचं सोंग करायला बाईने उशी बांधावी, तशी नुसती बांधलेली. आणि पट्टीपट्टीवर लाल फराटा.

“म्हणजे तुझंच आहे की काहीतरी आत!” ज्यूसवाला खूश झाला.

“हो. माझा कचरा.”

“मग ते राहू दे. कॉइल तेवढी बदल. जड आहे तेच बरं, फळीवरून सरकत नाही.”

आक्काने पेचकसाने आणखी डांबर उकरलं.

तेवढ्यात बाहेर टेम्पो थांबला आणि अत्तराचा वास आधी, दीर मागून आत आला. “वहिनी, पोती भरलीत ना?”

“भरलीत की भाऊजी. भाव तेवढा बदललाय.”

“किती?”

“तांब्याचा.”

“लोखंडाला तांब्याचा भाव? डोकं ठिकाणावर आहे ना?”

आक्काने उघडं खोकं त्याच्यासमोर सरकवलं. “तुम्ही तांबं म्हणून विकता, मग मीही तांबं म्हणूनच विकणार.”

दीर आधी ज्यूसवाल्याकडे, मग छताकडे बघू लागला. “वहिनी, लोकांना वजन पाहिजे, मी वजन देतो. कुणाला फसवलं?”

“मला,” ज्यूसवाला म्हणाला.

“तुम्ही दुकानदाराशी बोला,” दिराने त्याला झटकलं. मग आवाज बारीक करून म्हणाला, “या पोत्यांवर ह्या चष्मेवाल्या बाईंचा पगार निघतो, ठाऊक आहे मला. उगाच ताणू नका. नाहीतर मी सिमेंट भरीन, ते याहून स्वस्त.”

“भरा. सिमेंटच शोभतं तुम्हाला. माझ्या लोखंडाला तुमच्या मालात झोपायची लाज वाटते.”

दिराने टेम्पो रिकामाच वळवला. जाताना गाडीचा भोंगा मात्र वाजवला, जशी काही वरातच निघाली.

चष्मेवालीने मशिन थांबवलं होतं. “आक्का, राग तुम्हाला आला, पण पगार माझा गेला.”

आक्का कोरडेपणाने म्हणाली, “आठवड्याला तीनच दिवसांचे पैसे द्यायला जमतील मला. बाकीचे दिवस दुसरीकडे बघ.”

“दुसरीकडे म्हणजे त्यांच्याच गोदामात. दुसरं उरलंय कोण इथे?”

“तिथे जा. सिमेंट कालवायला माणूस लागणारच आहे त्यांना.”

चष्मेवालीने चष्मा पदराने पुसला. “जाईन. पोरांच्या शाळेत फी म्हणून तुमचा राग भरून चालत नाही.”

“जा. पण ते हात चांगले घासल्याशिवाय माझ्या तारेला लावू नकोस.”

“आणि माझ्या फ्रिजचं?” ज्यूसवाला मध्येच.

“नवीन करून देते. दिवस मावळेपर्यंत थांबावं लागेल, आणि सांगेन तेवढे पैसे मोजायचे. जमत नसेल तर फळं उकडून विक.”

तो कुरकुरला, मग पालथ्या डब्यावर बसला. आक्काने तांब्याचं रीळ दांडीवर चढवलं, तारेचं टोक सोलून मशिनला अडकवलं, आणि मशिनची मूठ फिरवायला सुरुवात केली. ज्यूसवाल्याने पुन्हा तोंड उघडलं, तसा तिने डावा हात नुसता वर केला. फेरे मोजताना तिच्याशी बोलायचं नसतं.