पुस्तकं नापास करणारे सासरे

माझ्या थोरल्या मेव्हण्याच्या सासऱ्यांइतकी पुस्तकं नापास करणारा माणूस उभ्या महाराष्ट्रात झाला नसेल. शाळेतून निवृत्त झाल्यावर तपासायला पेपर उरले नाहीत, म्हणून ते पुस्तकं तपासू लागले. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या माडीवर ते लाल पेन्सिल घेऊन वाचत बसत आणि पुस्तक संपलं की भिंतीवरच्या कॅलेंडरात, त्या दिवसाच्या चौकोनात, नाव आणि शंभरपैकी गुण लिहीत. दुधाचे खाडे मांडायला घरात दुसरं कॅलेंडर आणावं लागलं. नापास पुस्तकांना ऑक्टोबरात पुन्हा बसवत, म्हणजे स्वतःच पुन्हा वाचत. पोरांना संधी द्यायची आणि पुस्तकांना नाही, हा त्यांना अन्याय वाटे. एका जाडजूड कादंबरीला चौतीस गुण पाहून मी रदबदली केली, "एक गुण द्या की, सुटेल बिचारी."

"पावणं, नायक पहिल्या पानापासनं रडतोय. पास केली तर लेखक दुसरा भाग काढंल. त्यो कोण वाचणार, तुम्ही?"

वर्षअखेरीला निकाल लागे. पहिल्या आलेल्या पुस्तकापुढे पेढा ठेवला जाई, आणि पुस्तकाच्या वतीने तो ते स्वतःच खात.

मग काचबिंदूने त्यांची नजर गेली. आता कॅलेंडर कोरंच राहणार, असं आम्ही धरून चाललो होतो. पण त्यांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, पोथीपलीकडे कधी काही वाचलं नव्हतं तरी चष्मा चढवला, समोर बसकण मारली आणि मोठ्याने वाचायला घेतलं. वाचन कसलं, भांडणच ते. "व्हय गं भवाने, त्यानं टाकलं तुला, आन् परत त्याच्याच दारात? लाज न्हाय?" असं नायिकेला खडसावून त्या रागारागाने चार पानं उलटत.

"अगं, मधलं वाच की!"

"मधी काय बी न्हाय. नुसती रडती."

सासरे पोट धरून हसत. गुण ते सांगत, काकू मांडत. काकू वाचत होत्या तोवर एकही पुस्तक नापास झालं नाही.

काकू गेल्यानंतर काही महिन्यांनी मी एक नवी कादंबरी घेऊन गेलो. स्पष्ट उच्चार, योग्य विराम, असं अख्खं प्रकरण वाचून दाखवलं. ते मन लावून ऐकत होते.

"पुस्तक चांगलं हाय," ते म्हणाले. "वाचता बी झ्याक. पर पावणं, ती बाई पोराला टाकून निघाली, आन् तुम्ही तिला कायच बोलला न्हाईसा."

मी पुस्तक मिटलं. त्यांनी चाचपडत माझा हात शोधून थोपटला. "ऱ्हाऊ द्या. च्या घेऊया." आणि स्वयंपाकघराकडे मान वळवून त्यांनी हाक मारली, "अगं..."

ते तिथेच थांबले. आतून सुनेने विचारलं, "मामंजी, काय हवंय?"

"काय न्हाय, पोरी," ते हळूच म्हणाले. "पावण्यांस्नी च्या टाक."