तुपातली काडतुसं

माझ्या वडिलांचा, म्हणजे आबांचा, नेम चुकला की दोष काडतुसाचा असे. पहिल्या महायुद्धात बसऱ्याला लढून ते सुभेदार होऊन परतले होते, आणि त्यांच्या हाताला दोष द्यायची छाती अख्ख्या कुरवंड्यात कुणाची नव्हती.

दसऱ्याला माळावरच्या जांभळीला एक मडकं टांगत. ते आबांनी आपल्या रिव्हॉल्व्हरनं पहिल्याच बाराला फोडायचं आणि मग गावानं सोनं लुटायचं, असा रिवाज. बार चुकला तर तो मान गावातल्याच एका पेन्शनर हवालदाराकडे जायचा. हवालदार दरवर्षी ठासणीची बंदूक तेल लावून आणी आणि दरवर्षी तशीच परत नेई.

त्या वेळी मी लोणावळ्याला रेल्वेत फिटर होतो. रविवारी घरी आलो की डोंगराच्या पायथ्याला आमचा सराव चाले. पुठ्ठ्यावर कोळशानं गोल काढून मी वीस पावलांवर लावायचो, आबा सहा बार काढायचे, मी जाऊन पुठ्ठा बघायचो. त्या चैत्रापासून पुठ्ठा इतका कोरा येऊ लागला की आईनं तो शेवयांच्या डब्यावर झाकण म्हणून घेतला.

"ह्ये काडतूस लय जड हाय. हात उडतो," आबा म्हणाले. मी पुण्याहून हलक्या बाराची आणली. ती लय मऊ निघाली. मग गोल नाकाच्या गोळीऐवजी चपट्या नाकाची आणली, तर ती म्हणे वाऱ्यानं वाकडी जाते. परवान्यावर मिळायची काडतुसं मोजकीच, ती अशी चव बघण्यात संपली. मला संताप आला. आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगणारा मी, आणि मला बोटाएवढं काडतूस जमू नये?

आबांनी उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवल्या होत्या. त्याच पुन्हा भरायच्या असं ठरवलं. परवाना दाखवून पुंगळीच्या बुडाला बसवायच्या ठिणगीच्या टोप्या, दारू आणि गोळ्यांचा साचा आणला. टोपी बसवायचं हत्यार थेट अडकित्त्यासारखं होतं. आईनं त्यानं सुपारी फोडून पाहिली आणि धार नाही म्हणून नावं ठेवली. शिसं वितळवून गोळ्या मी ओतल्या, दारू सोनाराच्या काट्यावर तोलली. आबा शेजारी बसून, आमटीत मीठ सांगावं तसं, "चिमूटभर कमी, आता चिमूटभर वाढव," असं सांगत होते.

राहिलं गोळीला लावायचं वंगण. पलटणीत चरबी लावत. पण तोवर घट बसले होते आणि काडतुसं शस्त्रांबरोबर देवीपुढे मांडायची होती.

"देवीच्या म्होरं चरबी?" आई कडाडली. "माज्या जित्तेपनी न्हाई. तूप लाव!"

तिनं घरी कढवलेलं तूप वाटीभर आणून ठेवलं. वंगणातलं मला आईपेक्षा जास्त कळतं असा माझा समज होता, पण घरात ते बोलायची सोय नव्हती. शिवाय तूप लावल्यावर गोळी पुंगळीत अशी अलगद बसली की मी स्वतःवरच खूष झालो.

दसऱ्यापर्यंत सहा काडतुसं हळदकुंकू लावून, नाकं वर करून ताम्हनात उभी होती, अखंड तेवणाऱ्या समईच्या शेजारी. भडका उडू नये म्हणून मी समई हातभर लांब सरकवायचो, आई ती परत जवळ आणायची. भडक्याची तेवढी काळजी मी घेतली. उबेनं पातळ झालेलं तूप खाली दारूत उतरेल, हे मात्र फिटरच्या डोक्यात आलं नाही.

दसऱ्याला माळावर सगळं गाव जमलं. आबांनी फेटा सावरला, हात लांब केला, चाप ओढला. खट्ट. दुसऱ्या काडतुसाला फुस्स झालं. गोळी नळीतून निघाली ती दहा पावलांवर पडली आणि माळभर बेसन भाजल्याचा वास सुटला. कुणाची तरी कोंबडी धावत गेली, गोळीला चोच मारून नाराज होऊन परत आली. बाकीच्या चारांचं नुसतं खट्ट. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, पुरुषांनी तेवढीही भीड ठेवली नाही.

"इंजनंबी अशीच दुरुस्त करतोस व्हय रं?" आबा भर गावात माझ्यावर गरजले. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

हवालदार बंदूक घेऊन पुढे सरसावला. पाटलांनी हात आडवा घातला.

"थांबा हवालदार. बार झालाच न्हाई, तर नेम चुकला कसा म्हनायचा? मान सुभेदाराचाच."

गावाला निवाडा पटला. हवालदारानं पाटलांकडे आणि कोंबडीकडे सारख्याच रागानं पाहिलं आणि बंदूक खांद्याला अडकवली. मडकं तसंच टांगलेलं ठेवून लोकांनी सोनं लुटलं.

घरी येताना बांधावर आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. असा त्यांनी कधीच ठेवला नव्हता. आता राहिलेल्या शिव्या बसणार म्हणून मी मान खाली घातली.

"मडकं कुटं बांदलं व्हतं रं?" त्यांनी हळूच विचारलं.

"नेहमीच्याच फांदीला, आबा."

"मला जांभळच दिसली न्हाई."

सहा महिने मी दारू बदलली, गोळी बदलली, गुंज गुंज तोलत बसलो, आणि तुम्हाला दिसतं का, एवढं एकदाही विचारलं नाही. माझी मलाच लाज वाटली.

"डॉक्टरला दाखवू," मी म्हणालो.

"दावू की." पायानं बांध चाचपत ते चालत राहिले. "पन गावात बोलू नगंस. आन् पुढल्या दसऱ्याला काडतुसं तूच भर. आक्षी अशीच."