बातमीतले ग्रामस्थ

अकोला आणि अकोट यांच्या मधल्या एका गावात मी मराठी शिकवत असे. गाव खारपाणपट्ट्यातलं. जमीन काळीभोर, कपाशी कमरेएवढी वाढायची, पण जमिनीखालचं पाणी खारट. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि चहात दूध घातलं की चहा फाटतो. आम्ही शिक्षक अकोल्याहून एसटीनं ये-जा करायचो आणि प्रत्येकाच्या पिशवीत घरच्या पाण्याची बाटली असायचीच.

शनिवारी सकाळची शाळा. शेवटच्या तासाला मी आठवीच्या वर्गात वर्तमानपत्र घेऊन जायची. ती वर्षं अशी होती की पहिल्या पानावर वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या मरणाची बातमी नाही, असा दिवस विरळा. ते पान मी वर्गात उघडत नसे, कारण ज्यांच्या घरात हे घडून गेलं होतं अशी लेकरं समोर बसलेली असत. मी आतलं, जिल्ह्याचं पान काढायची. कुठं पूल खचलेला, कुठं विजेचं रोहित्र जळालेलं, कुठं मुक्कामी बस बंद झालेली. एक बातमी मोठ्यानं वाचायची आणि मुलांनी सांगायचं की यात अडचण काय आणि ती नेमकी कोणाची.

सुरुवातीला सगळे एका सुरात म्हणायचे, “ग्रामस्थांची!” बातमीत तसंच छापलेलं असे ना, ‘ग्रामस्थांची गैरसोय’. मी म्हणायची, “ग्रामस्थ म्हणजे कोण? मले माणूस दाखवा.” मी अकोल्याच्या जुन्या शहरातली, वर्गात बोलता बोलता घरची भाषा तोंडात यायचीच. मग हळूहळू माणसं दिसायला लागली. रोहित्र जळाल्याच्या बातमीवर एक पोरगा म्हणाला, “गिरणीवाल्याची अडचण.” त्याला मागून कोणीतरी तोडलं, “गिरणीवाल्याची काहून? जवारीचं दयन घेऊन पायी दुसऱ्या गावाले जानाऱ्या बायाची.” मला तो तास फार आवडायचा.

एका शनिवारी पान उघडलं तर आमच्याच गावाची बातमी. लांबच्या धरणावरून गोडं पाणी आणणारी नळयोजना बंद पडली होती. गावाचं नाव छापून आलं म्हणून वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, “बरं, अडचण कोणाची?”

शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी ती स्वतःहून कधी बोलत नसे. म्हणाली, “माह्या मायची.”

पोट्टे हसले. “साऱ्याइच्याच मायची हाये,” एकजण म्हणाला.

ती बसली नाही. “माह्या मायचे पाय सुजले. तोंडबी सुजते सकाळी. डाक्टरनं सांगतलं, खारं पानी पेऊ नको. मंग काय पेईन थे?”

कोणी हसलं नाही मग.

शाळा सुटल्यावर मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. टिनाच्या छपराची एक खोली. बाप अकोटच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायला, तो आठवड्यातून एखाद्या दिवशी घरी यायचा. स्वतःचं वावर नव्हतं. आई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला आणि कापूस वेचायला जायची, पण आता तिला फार वेळ उभंही राहवत नव्हतं. वयानं माझ्याएवढीच असेल. मांडीवर धाकटा मुलगा, नुकता चालायला लागलेला. मला पाहून ती लगबगीनं उठली, मी नको म्हणेपर्यंत चूल पेटवली, शेजारून वाटीभर दूध मागून आणलं. चहा फाटला. ती भांड्याकडे पाहतच राहिली.

“फाटला जी मॅडम. पयल्यांदाच आल्या तुमी, आता काय देऊ तुमाले?”

मी तोच चहा घेतला. तिच्या पायावर बोट दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला.

पुढच्या आठवड्यात तिला अकोल्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ निकामी झाली आहेत. त्या पट्ट्यातून असे पुष्कळ येतात, म्हणाले. डायलिसिस सुरू झालं. त्यासाठी तिला एसटीनं यावं लागे. आणि मी रोज सकाळी घरून पाण्याची कॅन भरून न्यायला लागले. कंडक्टर ओळखीचा झाला होता. “मॅडम, कॅनचं अर्धं तिकीट काढा,” असं म्हणायचा आणि कॅन स्वतःच्या सीटखाली ठेवायचा.

काही दिवसांनी मुलीनं मधल्या सुट्टीत येऊन सांगितलं, “मॅडम, माय थे पानी पेतच नाई.”

मी रागानंच गेले. कोपऱ्यात माझं पाणी वेगळ्या माठात भरून झाकून ठेवलेलं. धाकट्याला त्यातलं द्यायचं, बाप घरी आला की त्याला द्यायचं, कोणी पाहुणा आला की त्याचा चहा करायचा. ती स्वतः हापशीचं खारंच पीत होती.

“ताई, हे तुमच्यासाठी आणून राहिली मी,” मी म्हणाले.

तिनं पदरानं ओठ पुसले. “समजते जी मले. पन लेकरासमोर एकटीनं कसं पेऊ? मी गिलास उचलला का थो हात पुढं करते.”

दुसऱ्या दिवसापासून मी दोन कॅन न्यायला लागले.

त्याच सुमारास मी अकोटच्या एका बातमीदाराला भेटले. झेरॉक्सचं दुकान चालवून तो बातम्या पाठवायचा. माणूस चांगला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आजारी माणसाची बातमी होत नाही, मॅडम. पाण्याची करतो. बायांना रिकामे हंडे घेऊन उभं करा, फोटो लागेल.”

तो आला तेव्हा बोअरवेलपाशी बायका जमल्या. मुलीची आईही आली. चांगलं लुगडं नेसून, केस विंचरून. तिला हंडा डोक्यावर धरवेना, म्हणून बातमीदारानं तिला कडेला उभं राहायला सांगितलं. बातमी आली, फोटोसकट. शनिवारी वर्गात पान हातोहात फिरलं. ज्याची त्याची आई, काकू, आजी बोटानं दाखवली जात होती. मुलीच्या हातात पान आलं तेव्हा तिनं बराच वेळ पाहिलं. आई फोटोच्या चौकटीबाहेर गेली होती. अगदी कडेला लुगड्याचा काठ तेवढा आला होता. “हा पदर मायचा,” ती शेजारणीला म्हणाली, आणि पान पुढं दिलं.

बातमीमुळे नळाला पाणी आलं. गावानं हंडे, बादल्या, पातेली, होतं नव्हतं ते भरून ठेवलं. ‘पाणीपुरवठा सुरळीत’ अशी छोटी बातमीही आली. मग पुन्हा कुठंतरी पाइप फुटला आणि नळ कोरडे पडले. त्याची बातमी नाही आली. एकदा छापून झालं होतं.

कापूस वेचणीच्या दिवसांत मुलीच्या आईला अकोल्याच्या दवाखान्यात भरती केलं. माझं घर तिथून लांब नव्हतं, मी शाळेतून परतताना थेट वॉर्डात जायची. मुलगी आईच्या पायांशी बसलेली असायची. आता डॉक्टरांनी पाणीच मोजून द्यायला सांगितलं होतं, कारण ते शरीराबाहेर पडत नव्हतं. छातीत साचत होतं. वॉर्डाच्या टोकाला नळ होता. कोणी ना कोणी तिथं बाटली भरत असायचं आणि ती मान वळवून त्या आवाजाकडे पाहत राहायची.

एका संध्याकाळी मला म्हणाली, “पाहा ना मॅडम. इथं नळाले गोडं पानी येऊन राह्यलं, अन मले घोटभरच देतेत.”

मी कापसाचा बोळा भिजवून तिच्या ओठांवरून फिरवला. तिनं डोळे मिटून घेतले. “गोड हाये,” म्हणाली.

त्यानंतर दोन दिवसांनी ती गेली. बाप अकोटहून येईपर्यंत तिच्याजवळ मुलगी आणि मी, दोघीच होतो. मुलगी रडली नाही. आईच्या पायांवरची चादर नीट करत राहिली. तेव्हासुद्धा ते पाय सुजलेलेच होते.

त्या वर्षी गावात गाड्या यायच्या. साहेब, पुढारी, कॅमेरेवाले. ज्या घरातल्या शेतकऱ्यानं जीव दिला त्या घरी जायचे, चौकशी करायचे. त्यांचं दुःख खरंच होतं, कोणी यायलाच हवं होतं. पण टिनाच्या छपराच्या त्या खोलीकडे कोणी वळलं नाही. तिच्या नावावर सातबारा नव्हता आणि तिनं जीव दिलेला नव्हता. मी रोज ते जिल्ह्याचं पान कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत वाचत होते. तिच्यासारखं मरण त्यात कुठल्या मथळ्याखाली बसलं असतं, मला अजून सांगता येत नाही.

तेरावं झाल्यावर बाप शाळेत आला, मुलीचं नाव काढायला. बडनेऱ्याला तिचा मामा रेल्वेत होता, दोन्ही लेकरं तिकडे ठेवणार होता. “मले जिनिंग सोडता येत नाई जी,” म्हणाला. “अन हे पानी आता लेकराइले पाजू वाटत नाई.”

मुलगी वर्गाच्या दारात उभी होती, भाऊ कडेवर. मी विचारलं, “तिकडे शाळेत जाशील ना?”

“मामी म्हनते, पाहू.”

“मी येऊन बोलू का मामीशी?”

तिनं होकाराची मान हलवली. भावानं तिच्या वेणीला ओढ दिली, तिनं ती सोडवून घेतली. मग म्हणाली, “जातो मॅडम.” बाप पुढं, ती मागं, अशी ती तिघं शाळेच्या आवारातून एसटीच्या थांब्याकडे गेली.

मी नंतर बडनेऱ्याला जाऊन आले. मामीनं घरात बसवलं, चांगलं बोलली. भाऊ अंगणात खेळत होता, अंगानं भरला होता. मुलगी कोणाच्या तरी घरी धुणीभांडी करायला गेलेली, मी असेपर्यंत परतली नाही. उन्हाळ्यात अकोटच्या बसमध्ये तिचा बाप भेटला आणि त्यानं सांगितलं की तिचं लग्न ठरलं. पोरगा बरा आहे, घर बरं आहे, असं म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. तिची आठवीसुद्धा पुरी झाली नव्हती.