सहीच्या आधी विचारणाऱ्या वकीलताई

ॲड. सुलोचनाताईंना मी पहिल्यांदा भेटलो तो घाबरलेल्या अवस्थेत. त्यांच्या अमृतमहोत्सवाच्या ग्रंथात ते लपवण्यात अर्थ नाही. श्रीवर्धनच्या कोर्टासमोरच्या त्यांच्या खोलीत मी उभा होतो. हातात स्वतः लिहिलेला अकरा पानी खुलासा होता.

मी दिवेआगरचा. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. कोणा उस्तादाकडे न जाता, जुन्या मोटारी उघडून वाइंडिंग शिकलो. तारेचा एक वेढा कमी पडला तरी बोटांना कळतो. सातबारा, फेरफार हेही असंच वाचून शिकलो. त्यामुळे वडील वारल्यावर सुपारीच्या वाडीची वारसनोंद करायला वकील कशाला, हे माझं ठाम मत. अर्ज मीच लिहिला, प्रतिज्ञापत्रही मीच. गट नंबर, क्षेत्र, मृत्यूची तारीख, कुठे काना-मात्रा चुकली नाही. फक्त ‘मी एकमेव वारस’ असं लिहिलं. धाकटी बहीण शोभा लग्न होऊन तळा गावी गेलेली. दिल्या मुलीचं नाव लावायचं नाही, ही आमच्याकडची रीतच.

चावडीवर नोटीस लागली. कोणीतरी तिचा फोटो शोभाला पाठवला आणि तिची लेखी हरकत आली. त्यातली एक ओळ डोळ्यांपुढून हलेना : ‘मी जिवंत आहे.’ रीतीचा आधार घेत मी त्यावर अकरा पानी खुलासा लिहिला. सुनावणीला दोन दिवस उरले तेव्हा बायको म्हणाली, “आता तरी आपल्यापेक्षा शहाण्या माणसाला विचारा.”

ताईंनी अकराही पानं वाचली. चष्मा काढला.

“अक्षर सुरेख आहे. बहीण आहे की नाही?”

“आहे.”

“सख्खी?”

“सख्खी.”

“मग शपथेवर हे काय लिहिलंत?”

“सगळे असंच लिहितात, ताई.”

“मग सगळ्यांना घेऊन जाणार का पिंजऱ्यात? सही तर एकट्याची आहे.”

खोट्या शपथेला शिक्षा असते, हे मी वाचलं होतं. ते माझ्याबद्दल लिहिलंय, हे मात्र त्या क्षणी कळलं. “तुरुंग होईल?”

ताईंनी खोटा धीर दिला नाही. “होणारच नाही, असं मी म्हणणार नाही. चूक आपणहून कबूल केलीत तर बोलायला जागा राहील. ही पानं दाखल केली असतीत तर तीही गेली असती. आपल्या पाठीवरचं आपल्याला दिसत नाही, म्हणून दुसऱ्याचे डोळे घ्यायचे. तेही सहीच्या आधी.” मग म्हणाल्या, “उद्या तळ्याला जा. आणि पिशवीतला तो हक्कसोडीचा कागद इथेच ठेवा.”

शोभाची सही घ्यायला तयार केलेला तो कागद मी त्यांना दाखवलेलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी म्हसळ्यावरून एस.टी.ने तळ्याला गेलो. शोभा दारातच उभी राहिली. “आता आठवलं व्हय, बहीण हाय ते?” मी चुकलो म्हणालो. तिने पाणी दिलं, चहा विचारला नाही. “वाडी घेईन नायतर सोडीन, माझं मी बघीन. पर मला जितेपणी मारलंस कशाला, दादा?”

सुनावणीत ताई शेजारी उभ्या राहिल्या, पण चूक माझ्याच तोंडून वदवली. शोभाचं नाव लागलं. माझ्यावर पुढे कारवाई झाली नाही. मात्र तिने हक्क सोडलेला नाही. वाटणी ती कधीही मागू शकते. दारात पोस्टमन दिसला की छाती आजही धडधडते. ताईंना सांगितलं तर म्हणाल्या, “धडधडू दे. तो तिचा हक्क आहे.”

अशील मिळावा म्हणून ताईंनी कधी भांडण वाढवलं नाही. गटाराच्या पाण्यावरून शेजाऱ्याला नोटीस द्यायला आलेल्या एका गृहस्थांना त्यांनी माझ्यासमोर सांगितलं, “याला वकील नको, फावडं हवं. दोघं मिळून गाळ काढा.”

यंदा मी माझं मृत्युपत्र लिहिलं. मुलगा आणि मुलगी, दोघांची नावं घातली, मुलीचं आधी. चारदा तपासलं. तरी सही करताना हात अडला. तो कागद सध्या ताईंच्या टेबलावर आहे.

ताईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, त्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो. ‘कोणी राहिलं का?’ हे सहीच्या आधी विचारायला त्या आम्हां शहाण्यांना अजून पुष्कळ वर्षं हव्या आहेत.