त्या खेपेचे आकडे

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘शंकाबाई’ म्हणत. वीस वर्षं ती औषधी वनस्पतींचे अर्क तपासत होती आणि प्रत्येक आकडा दोनदा पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. घाई तिनं एकदाच केली, तीही बाबांपायी.

बाबा निवृत्त शिंपी. मधुमेह जडल्यापासून ते गच्चीतल्या झुडपाच्या पाल्याचा काढा पीत आणि गोळ्यांना नाकं मुरडत. “जगाची पानं तपासतेस, माझीही तपास की,” असं त्यांनी टुमणंच लावलं.

शेवटी तिनं मूठभर पाला सुकवून अर्क काढला. जांभळ्या द्रावणात तो पडताच रंग उतरून पिवळा झाला. म्हणजे ऑक्सिडीकरण रोखण्याचा गुण होता. मग प्रयोगशाळेच्या इतर अर्कांच्या खेपेबरोबरच तोही स्टार्चची साखर करणाऱ्या एन्झाइमवर घातला. एन्झाइमचं काम एकोणऐंशी टक्के थांबलं.

“बाबा, पाला पास झाला!” घरात शिरताच तिनं सांगितलं.

पण त्याच रात्रीपासून काहीतरी टोचू लागलं. जेवताना घास हातातच राही. बसमध्ये स्टॉप मागे पडे. बाराव्या दिवशी तिनं वही पुन्हा चाळली. त्या खेपेचे सगळेच अर्क ऐंशीच्या आसपास होते. गेल्या वर्षी सपशेल आपटलेलं गवतसुद्धा!

तिनं पाल्याशिवाय, नुसतं द्रावक घातलेली नळी लावली. शहात्तर टक्के. अर्क विरघळवायला घेतलेलं द्रावकच जास्त पडलं होतं आणि तेच एन्झाइमला दाबत होतं. ही नळी आधीच लावायला हवी होती.

ती तडक विभागप्रमुख मॅडमकडे गेली. “मॅडम, ते आकडे चुकलेत. चूक माझी.”

“त्या खेपेचा अहवाल उद्या जायचाय.”

“नका पाठवू.”

मॅडमनी कपाळाला हात लावला. “बरं. सगळं पुन्हा लाव.”

पण तिचे पाय तिथं ठरेनात. बाबा हल्ली सारखे पाणी पितात, हे तिला आठवलं. अर्धी रजा टाकून ती घरी आली.

“गोळ्या कुठायत, बाबा?”

“कपाटात. सुखात आहेत.”

पाकीट बारा दिवसांपासून जसंच्या तसं होतं.

“तूच म्हणालीस ना, पास झाला म्हणून?”

ती पलंगाच्या कडेला बसली. “मी चुकले, बाबा.”

“तू?” त्यांना रागापेक्षा नवलच जास्त वाटलं.

तिनं त्यांना थेट डॉक्टरांकडे नेलं. साखर चारशेवर गेली होती. तीन दिवस दवाखान्यात काढावे लागले. दरम्यान तिनं द्रावक कमी करून तीच चाचणी तीनदा केली. तिन्ही वेळा अकराच्या आसपास.

“अकरा म्हणजे काहीच नाही?” बाबांनी विचारलं.

“नळीत थोडंसं. तुमच्या पोटात काय होतं, ते मला माहीत नाही.”

त्यांनी दोन दिवस अबोला धरला, गोळ्या मात्र घेतल्या. आता साखर आटोक्यात आहे. तरी ती रोज सकाळी समोर उभी राहते आणि म्हणते, “तोंड उघडा बघू.”