मशीनचा कौल

मनिषा ठाकूरला पनवेलच्या कॉम्प्युटर क्लासात सगळे मॅडम म्हणत, आणि घरी तिला कोणी काही विचारत नसे. साल एकोणीसशे चौऱ्याण्णव. खाडीकाठच्या मिठागरवाल्यांच्या घरातली ती पहिली पदवीधर. वय सव्वीस, लग्न व्हायचं बाकी, त्यामुळे गावाच्या मते तिचं सगळंच व्हायचं बाकी. क्लास म्हणजे एका दवाखान्याच्या माथ्यावरची खोली, दोन मशीनं आणि हिरव्या अक्षरांचे पडदे. बेरजेचे प्रोग्रॅम करून विद्यार्थी जांभया द्यायला लागले, म्हणून तिने बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत एक खेळ लिहिला आणि नाव ठेवलं 'डिटेक्टिव्ह बाळू'.

खेळ अगदी साधा. पाच संशयितांची नावं टाइप करायची. बाळू प्रत्येकाला दोन प्रश्न विचारणार, आपण सुचतील ती उत्तरं द्यायची, आणि शेवटी पडद्यावर चोराचं नाव येणार. उत्तरांचा आणि चोराचा काडीचाही संबंध नव्हता. मशीन आपलं एक ते पाचमधला कुठला तरी आकडा काढायचं, चिठ्ठी उचलावी तसं. मुलं एकमेकांची नावं घालून खिदळायची आणि मॅडमवर खूश असायची.

मे महिन्यात क्लासला रंग काढायचा होता, म्हणून एक मशीन टेम्पोत बसून मनिषाच्या घरी आलं. तिच्या आईने, गुणाबाईने, त्याला हळदीकुंकू वाहिलं. वेड मात्र लागलं ते दमयंतीला. दमयंती म्हणजे मनिषाच्या भावाची, काशिरामची बायको. माहेर जासईचं, लग्नाला जेमतेम दीड वर्ष. भाकऱ्या उरकल्या की पदराला हात पुसत यायची आणि म्हणायची, "ताई, बाळू लाव ना." त्या घरात मनिषाला जीव लावणारं माणूस ते एकच होतं.

अशात चुलतभावाची हळद झाली आणि दुसऱ्या दिवशी गुणाबाईची मोहनमाळ सापडेना. कपाट उपसलं, गाद्या झटकल्या, काही नाही. गुणाबाई सोडली तर आतल्या खोलीत गेलेली माणसं पाचच होती आणि पाचही घरची.

गावात काही हरवलं की गावदेवीला कौल लावायची रीत. देवीच्या पाषाणाला ओले तांदूळ चिकटवायचे, उजवीकडचा पडला की हो, डावीकडचा पडला की नाही. तीनदा एकच आलं की विषय संपला, पुन्हा विचारायचं नाही. पण कौल लावणारा काळूराम भगत तेव्हा अंथरुणाला खिळलेला.

"मंग आपला बालू हाय ना!" मनिषाचे वडील कमळाकर म्हणाले. "चोर तर तो पण कारतो."

मनिषा हसली. बाबांना समजावण्यापेक्षा दाखवलेलं बरं, असं तिला वाटलं. शिकलेल्या माणसाला हा एक रोग असतो, दाखवलं की पटतं असं तो धरून चालतो. "कोणाचंही नाव येतं, बघाच," म्हणत तिने नावं घातली. आधी बाबा, मग काशिराम, मग दमयंती, मग भामाआत्या आणि शेवटी स्वतःचं.

पडद्यावर आलं, दमयंती.

"बघितलं? आता दुसरं येईल," असं म्हणून तिने खेळ पुन्हा सुरू केला आणि गडबडीत तीच नावं त्याच ओळीने घातली. दमयंती. तिसऱ्यांदा पण दमयंती. गुणाबाईने मशीनपुढे हात जोडले. दारात उभ्या दमयंतीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, ते काढून घ्यायचं तिला सुचलं नव्हतं.

मग मनिषाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. प्रोग्रॅममध्ये एक ओळ घालायची राहिली होती. ती नसली तर मशीन दर वेळी आकडे त्याच क्रमाने काढतं. क्लासात मुलं नावं वेगवेगळी घालत, म्हणून ही चूक कधी कळली नाही. "बाबा, ते तिसरं नाव काढतंय! तिसरं कोणीही असतं तरी तेच आलं असतं!"

"मंजी दर टायमाला तेच सांगते ना?" कमळाकर शांतपणे म्हणाले. "खोटा मानूस दर टायमाला येगलं बोलतो, पोरी."

तिने घाईघाईने ती ओळ घातली, खेळ लावला. नाव आलं काशिराम. "आता तू हात घातलास त्यान," वडील म्हणाले. "आदीचं खरं." काशिराम खाली मान घालून बसून राहिला. मनिषाला त्याची चीड आली, आणि त्याहून जास्त स्वतःची.

दुसऱ्या दिवशी जासईहून दमयंतीचा भाऊ आला आणि तिला घेऊन गेला.

नवव्या दिवशी मोहनमाळ तांदळाच्या पिंपात सापडली, गुणाबाईच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत, घट्ट गाठ मारलेली. हळदीच्या गर्दीत तिनेच ती लपवली असणार, आणि विसरली असणार. मनिषाने चिंधी तिच्यापुढे धरली. "आई, ही तुझी गाठ आहे. दुसऱ्या कोणाला अशी मारता येत नाही."

गुणाबाईने गाठ पाहिली, तिच्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "भ्याली, म्हनून जाताना ठेवून गेली. तुजी मशीन खरी हाय, बाय." दुपारपर्यंत गावभर तेच झालं. शेजारची एक बाई तर हरवलेल्या कोंबडीसाठी नावं घेऊन आली. मनिषाने तिला हाकललं, मशीनची वायर उपटली, आणि त्याने काय फरक पडणार होता?

ती एसटीने जासईला गेली. दमयंती ओट्यावर जवळा निवडत होती. मनिषाला बघून सूप टाकून धावत आली. "माळ सापडली," मनिषा म्हणाली. "सापडली? खरंच? कुठं?" तिचे डोळे भरून आले. "मंग मी कपरं भरू? आय काय बोलली?"

खोटं सांगावं असं मनिषाला फार वाटलं. पण घरी नेऊन काय होणार, ते तिला दिसत होतं. तिने जे होतं ते सांगितलं.

दमयंतीने सगळं ऐकून घेतलं. मग परत ओट्यावर जाऊन बसली, सूप मांडीवर घेतलं.

"मंजी ताई, हरवली तवा पन मीच," ती म्हणाली, "आन सापडली तवा पन मीच."