सुनंदानं बंद केलेल्या गोळ्या

कन्नडच्या स्टँडवर मला पोचवायला माझी धाकटी बहीण सुनंदा भर उन्हात आली होती. तिला ल्युपस होता. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते. ऊन लागलं की तिच्या गालांवर लाल चट्टे उठायचे, सांधे धरायचे. तोंडाला ओढणी गुंडाळून ती म्हणाली, "ताई, माझ्याच आजाराचं औषध शोधाया चालली नं तू? मग रडती काय?" एसटी सुटली. आमचे वडील, अण्णा, ती दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले.

जर्मनीतल्या प्रयोगशाळेत माझे दिवस रक्तातल्या पेशी वेगळ्या करण्यात, सोमवारच्या मीटिंगला आलेख दाखवण्यात जाऊ लागले. घरी वाटायचं, औषध आता निघालंच. यात उभं आयुष्य जातं, हे मीही कधी सांगितलं नाही. तुमच्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना ही लपवाछपवी ठाऊक असेल.

मागच्या उन्हाळ्यात तिचा अवेळी फोन आला. "स्टेरॉइडनं तोंड लई सुजलंय गं. पाहुणे बघाया यायलेत. थोडे दिवस गोळ्या बंद केल्या तर चालंल का?"

माझे नमुने बर्फावर ठेवलेले होते. "डॉक्टरांना विचार, मी कामात आहे," म्हणून मी फोन ठेवला. पुन्हा केला नाही.

तिनं कुणालाच विचारलं नाही. गोळ्या एकदम बंद केल्या. पाहुण्यांनी तिला पसंत केलं. मग पायांवर सूज आली, किडन्या निकामी झाल्या. मला कळवलं ते अगदी शेवटी. मी चिकलठाण्याला विमानातून उतरले, तेव्हा बाहेर अण्णा एकटेच उभे होते. "उशीर झाला, बाई," म्हणाले.

"सुनंदाच तुला कळवू नका म्हणायची," आईनं सांगितलं. "ताईचं काम थांबंल म्हणून."

मी आईला त्या फोनबद्दल सगळं सांगितलं. ती उठली आणि तिनं मला ताट वाढलं. तिनं मारलं असतं तर सोसलं असतं.

मी जर्मनीला परत आले, प्रयोगशाळेत त्याच टेबलावर बसते. आता दर रविवारी आई फोनवर विचारते, "तुझ्या कामानं कुणाच्या लेकीला बरं वाटलं का गं?"

"अजून नाय, आई."

"बरं," ती म्हणते, पण फोन ठेवत नाही. मीही ठेवत नाही. दोघी नुसत्या कानाला लावून बसतो. माझं घर आता तेवढंच उरलंय.